‘अफ्रेड’ पाठ करूनही चुकतंय? बिघाड दुसरीकडे आहे

गेल्या आठवड्यात संध्याकाळच्या बॅचला फळ्यावर एक वाक्य लिहून दिलं: ‘मला कुत्र्याची भीती वाटते.’ अकरा जण होते, वहीत इंग्रजी करा म्हटलं. वह्या गोळा केल्या तर एका वाक्याची सात वाक्यं झालेली. ‘आय अफ्रेड डॉग.’ ‘आय ॲम अफ्रेड फ्रॉम डॉग.’ ‘आय ॲम फियर ऑफ डॉग.’ ‘आय ॲम अफ्रेडिंग.’ एकीने तर ‘डॉग्ज फियर इज कमिंग टू मी’ असं लिहिलं होतं. मराठीशी सगळ्यात इमानदार भाषांतर तिचंच, हे कबूल करायला हवं. ‘आय ॲम अफ्रेड ऑफ डॉग्ज’ एवढं साधं वाक्य फक्त दोघांना जमलं.

हे नवीन नाही. दर बॅचला हेच होतं, आणि वाईट म्हणजे दुरुस्त करून दिल्यावरही परत होतं. मी सुरुवातीला सगळे करतात तेच केलं. ‘अफ्रेडनंतर ऑफ’ असा तक्ता भिंतीवर लावला. पंचवीस वेळा लिहून आणायला सांगितलं. वहीत फरक पडला, तोंडात नाही. चार दिवस ‘ऑफ’ टिकायचा, पाचव्या दिवशी कोणी घाईने बोललं की ‘फ्रॉम’ हजर. मग एकदा घोकंपट्टी सोडून दिली आणि चूक करणारा नेमकं काय डोक्यात धरून बोलतो, ते विचारायला लागलो. तेव्हा कळलं की बिघाड या शब्दात नाहीच. आपण शब्दापर्यंत ज्या वाटेने जातो, त्या वाटेवर आहे.

‘डोन्ट अफ्रेड’

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. ‘आय अफ्रेड’, ‘डू यू अफ्रेड?’, ‘डोन्ट अफ्रेड’. कारण सरळ आहे: डोक्यात ‘घाबरणे’ हे क्रियापद असतं. मी घाबरतो, तू घाबरतोस का, घाबरू नकोस. त्या ‘घाबर’च्या जागी ‘अफ्रेड’ ठोकला की झालं, असं वाटतं. पण ‘अफ्रेड’ क्रियापद नाही, विशेषण आहे. त्याला स्वतःचे पाय नाहीत, ‘ॲम, इज, आर, वॉज, बी’ यांच्या खांद्यावर बसूनच तो वाक्यात येतो.

हा नियम मुलांना माहीत असतो, म्हणून परत सांगून उपयोग होत नाही. मला जे लागू पडलं ते असं: ‘भूक’. मराठीत ‘मला भूक लागलीय’ आणि ‘मला भीती वाटतेय’ ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत ‘मला’ आणि दोन्हींत आपल्यावर काहीतरी येऊन आदळतं. पण भुकेचं इंग्रजी कोणीही चुकत नाही. पाचवीतला मुलगाही ‘आय ॲम हंग्री’ म्हणतो. ‘हंगर इज कमिंग टू मी’ असं मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. तेव्हा ‘हंग्री’चा साचा घ्या आणि त्यात ‘अफ्रेड’ ओता. ‘आर यू हंग्री?’ तसं ‘आर यू अफ्रेड?’ ‘आय वॉज नॉट हंग्री’ तसं ‘आय वॉज नॉट अफ्रेड.’ बोलताना अडलात की आधी मनात भुकेचं वाक्य म्हणा, मग शब्द बदला. दोन दिवसांत जीभ वळते.

हा शब्द असा परावलंबी का, याची एक मजेदार गोष्ट आहे. इंग्रजीत ‘अफ्रे’ नावाचं एक जुनं क्रियापद होतं, फ्रेंचमधून आलेलं. अर्थ साधारण ‘दचकवणे, शांतता घालवणे’. त्याच्या मुळाशी जर्मन कुळातला शांततेसाठीचा शब्द आहे आणि त्याआधी ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग. म्हणजे ‘अफ्रेड’ म्हणजे शब्दशः ज्याची शांतता काढून घेतली आहे असा. ‘दमलेला’, ‘भिजलेला’ तसा ‘घाबरवला गेलेला’. क्रियापद काळाच्या ओघात गेलं, हे ‘लेला’चं रूप तेवढं मागे राहिलं. ‘डोन्ट भिजलेला’ म्हणता येत नाही, तसंच ‘डोन्ट अफ्रेड’ही नाही. गंमत म्हणजे ‘अफ्रे’ नाम म्हणून अजून जिवंत आहे, आणि ते आपल्या कायद्यातच आहे. सार्वजनिक जागी दोन किंवा अधिक माणसांनी मारामारी करून शांतता भंग करणे, हा १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम १५९ आणि १६० खालचा गुन्हा. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत तो कलम १९४मध्ये आला. वकिलीचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीला हे सांगितल्यावर तिचा ‘अफ्रेड’ कायमचा सुधारला. प्रत्येकाची किल्ली वेगळी असते.

हा ‘फ्रॉम’ येतो कुठून?

यावर मी सगळ्यात जास्त डोकं खाजवलंय, कारण मराठीतून थेट ‘फ्रॉम’ यायला नको. आपण ‘कुत्र्यापासून भीती वाटते’ असं म्हणतच नाही. ‘कुत्र्याची भीती वाटते’ म्हणतो, किंवा ‘कुत्र्याला घाबरतो’. पुस्तकी मराठीत ‘शत्रूपासून भय’ अशी रचना सापडते खरी, पण रोजच्या बोलण्यात ती कोण वापरतं?

‘फ्रॉम’ येतो तो हिंदीतून. ‘मुझे कुत्ते से डर लगता है.’ नोकरी किंवा शिक्षणासाठी पुण्या-मुंबईत खोली करून राहणारी मुलं दिवसभर हिंदी बोलतात, इंग्रजी वाक्य तयार करतानाही नकळत हिंदीच्या पुलावरून जातात. ‘से’ म्हणजे ‘फ्रॉम’, हे त्यांना शाळेपासून पक्कं ठाऊक असतं.

आणि हिंदीचा तरी काय दोष? ती संस्कृतला धरून आहे. पाणिनीचं सूत्रच आहे: ‘भीत्रार्थानां भयहेतुः’. भिण्याच्या आणि रक्षण करण्याच्या अर्थाचे धातू असतील तर ज्याचं भय, त्याला पंचमी. चोरापासून भितो, चोरापासून वाचवतो, दोन्हींना एकच विभक्ती. हिंदीचा ‘से’ ही दोन्ही कामं आजही करतो: कुत्ते से डर, कुत्ते से बचाव. मराठीने मात्र ही वाटणी मोडली. भीती असली तर ‘कुत्र्याची’, बचाव असला तर ‘कुत्र्यापासून’.

आता इंग्रजी बघा. ‘अफ्रेड ऑफ’, पण ‘प्रोटेक्ट फ्रॉम’. हुबेहूब मराठीसारखी वाटणी! ‘ची’ असेल तिथे ‘ऑफ’, ‘पासून’ असेल तिथे ‘फ्रॉम’. म्हणजे या एका ठिकाणी मराठी माणसाला इंग्रजी फुकट मिळालेली आहे आणि आपण हिंदीतून वळसा घालून ती घालवतो. उपाय इतकाच की ‘अफ्रेड’ बोलण्याआधी मनात मराठी वाक्य ‘ची भीती’ लावून म्हणायचं. ‘कुत्र्याला घाबरतो’ हेसुद्धा नको, कारण त्या ‘ला’मुळे काही जण ‘अफ्रेड टू डॉग’ करतात. ‘कुत्र्याची, अंधाराची, पालीची, परीक्षेची भीती.’ चारही ठिकाणी ‘ऑफ’. हे सांगितल्यापासून भिंतीवरचा तक्ता काढून टाकलाय.

‘अफ्रेड चाइल्ड’ का चालत नाही

नियम वाचून हे सुधारत नाही, कारण ‘हॅपी चाइल्ड’, ‘हंग्री चाइल्ड’ चालतात. मग ‘अफ्रेड चाइल्ड’नेच काय घोडं मारलंय? (वर मीच ‘हंग्री’चा साचा दिला, तो इथे मोडतो, हे लक्षात ठेवा.) इथेही उत्तर मराठी व्याकरणातच आहे, आणि स्पर्धापरीक्षा देणाऱ्यांना ते तोंडपाठ असतं: नामाआधी येतं ते अधिविशेषण, नामानंतर विधान करायला येतं ते विधिविशेषण. ‘अफ्रेड’ हे फक्त विधिविशेषण आहे. ‘द चाइल्ड इज अफ्रेड’ बरोबर. नामाच्या पुढ्यात त्याला बसवता येत नाही.

अशी विशेषणं इंग्रजीचीच खोड आहे असं समजू नका. फळ्यावर मी ‘ठाऊक’ लिहितो आणि विचारतो, ‘ही गोष्ट मला ठाऊक आहे’ ठीक ना? ठीक. मग ‘ठाऊक गोष्ट’ म्हणून दाखवा. वर्गात हशा पिकतो. ‘माहीत गोष्ट’ म्हणा. तेही नाही. ‘माहीत असलेली गोष्ट’ म्हणावं लागतं. आईच्या मांडीवर शिकलेल्या भाषेत हे कोणी चुकत नाही, कारण कानाला खटकतं. ‘अफ्रेड चाइल्ड’ इंग्रजी कानाला तसंच खटकतं. आणि सुटकेची वाटही तीच: ‘माहीत असलेली’ तसं ‘द चाइल्ड हू वॉज अफ्रेड’. नाहीतर सरळ दुसरा शब्द घ्यायचा, ‘अ फ्राइटन्ड चाइल्ड’ किंवा ‘अ स्केर्ड चाइल्ड’. हे दोघे नामाच्या पुढेही बसतात, मागेही.

‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’ यांचंही असंच आहे. ‘अस्लीप बेबी’ नाही, ‘स्लीपिंग बेबी’. खरं तर त्यांच्या सुरुवातीचा ‘अ’ जुन्या ‘ऑन’चा उरलेला तुकडा आहे, ‘झोपेवर’, ‘जिवावर’ असं काहीसं. ‘अफ्रेड’मधला ‘अ’ फ्रेंचकडून आलेला, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

इथे एक उपबिघाड आहे. ‘भित्रा’ आणि ‘घाबरलेला’ यांत मराठी काटेकोर फरक करते. आभाळ पडलं म्हणून पळत सुटलेला ससा भित्रा. वाघ समोर आला तर पैलवानही घाबरलेला. पहिला स्वभाव, दुसरी त्या घटकेची अवस्था. ‘अफ्रेड’, ‘स्केर्ड’, ‘फ्राइटन्ड’ हे अवस्थेचे शब्द. सशाला ‘टिमिड’ म्हणतात. ‘भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस’ या म्हणीतला माणूसही ‘टिमिड’च. एका मुलाने अर्जात स्वतःबद्दल ‘आय ॲम नॉट अ स्केर्ड पर्सन’ लिहिलं होतं. त्याला म्हणायचं होतं ‘मी भित्रा नाही’. वाचणाऱ्याला वाटणार, आज नाही ना घाबरलेला, बरं झालं.

‘आय ॲम स्केरी’ म्हणणाऱ्यांसाठी एकच ओळ: ‘लेला’ असेल तर ‘स्केर्ड’, ‘वणारा’ असेल तर ‘स्केरी’. घाबरलेला तुम्ही, घाबरवणारा तो.

उतरायची भीती, बुडायची भीती

आता अवघड जागा, आणि इथे मराठी मदत करत नाही, उलट फसवते. ‘मला विहिरीत उतरायची भीती वाटते’ आणि ‘मला बुडायची भीती वाटते’, दोन्हींत ‘यची’. इंग्रजीत पहिल्याला ‘अफ्रेड टू गो डाउन’ चालतं, ‘अफ्रेड ऑफ गोइंग डाउन’ही चालतं. दुसऱ्याला फक्त ‘अफ्रेड ऑफ ड्राउनिंग’. ‘अफ्रेड टू ड्राउन’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याला बुडायचं आहे पण हिंमत होत नाही.

पुस्तकं सांगतात की हेतुपुरस्सर करायची गोष्ट असेल तर ‘टू’, आपोआप घडणारी असेल तर ‘ऑफ’. बरोबर आहे, पण बोलता बोलता हेतू कोण शोधत बसणार? मी एक देशी चाचणी वापरतो. वाक्यात ‘धजत नाही’ घालून बघा. ‘विहिरीत उतरायला धजत नाही’, ठीक. ‘साहेबांना विचारायला धजत नाही’, ठीक. मग ‘टू’ लावायला हरकत नाही: ‘अफ्रेड टू आस्क’. ‘बुडायला धजत नाही’, ‘नापास व्हायला धजत नाही’, छे! मग ‘ऑफ’ आणि पुढे ‘इंग’: ‘अफ्रेड ऑफ फेलिंग’. शंका आली तर सरळ ‘ऑफ’ आणि ‘इंग’ वापरा, ते दोन्हीकडे खपतं. ‘टू’ मात्र धजण्यापुरताच.

आणखी एक फसवी जागा. ‘मला माझ्या मुलाची भीती वाटते.’ ही आई मुलाला घाबरते, की मुलाचं कसं होईल म्हणून घाबरते? मराठीत प्रसंगावरून कळतं. इंग्रजीत आधीच ठरवावं लागतं. मुलगाच अंगावर धावून येत असेल तर ‘अफ्रेड ऑफ’, मुलाची धास्ती असेल तर ‘अफ्रेड फॉर’. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरच्या काकू दर वेळी म्हणतात, ‘सर, माझ्याकडे दोन्ही लागू आहेत.’

कोणीच घाबरलेलं नाही, तरी ‘आय ॲम अफ्रेड’

हा धडा मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. पहिली नोकरी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका ठिकाणी होती, ऐन हंगामात. इंग्लंडमधल्या खरेदीदाराची मेल आली, तिची सुरुवात अशी: ‘आय ॲम अफ्रेड वी कॅनॉट ॲक्सेप्ट धिस लॉट.’ मी वाचलं आणि मला त्या गृहस्थाची दया आली. बिचारा घाबरलाय. लगेच उत्तर टाइप केलं: ‘डिअर सर, प्लीज डोन्ट बी अफ्रेड. वी आर विथ यू.’ पाठवूनही टाकलं. अर्ध्या तासाने मालकांनी टेबलापाशी बोलावून विचारलं, ‘माल त्याने नाकारलाय. धीर आपल्याला हवाय. तू कोणाला देतोयस?’

‘आय ॲम अफ्रेड’चा हा दुसरा संसार आहे. समोरच्याला न आवडणारी गोष्ट सांगायच्या आधी इंग्रज हा शब्द पायपुसण्यासारखा दारात टाकतो. भीतीचा मागमूस नसतो. मराठीत याच जागी आपण ‘अहो, काय सांगू’, ‘जरा अडचण आहे’, ‘जमेलसं वाटत नाही’ म्हणतो, आणि सरकारी पत्रात ‘कळविण्यास खेद वाटतो’. ओळखायचं कसं? पुढे ‘ऑफ’ किंवा ‘टू’ असेल तर भीती. पुढे सबंध वाक्य येत असेल, विशेषतः नकाराचं किंवा वाईट बातमीचं, तर बहुतेक वेळा खेद. ‘आय ॲम अफ्रेड द ट्रेन हॅज लेफ्ट’ म्हणणारा फलाटावर थरथरत उभा नसतो, तुमची गाडी गेली एवढंच तो हळुवारपणे सांगत असतो.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. चांगल्या बातमीला हे लावू नका. ‘आय ॲम अफ्रेड यू आर सिलेक्टेड’ वाचून उमेदवार नोकरीच नाकारेल. आणि चूक आपली असेल तर एवढ्यावर भागवू नका. ‘आय ॲम अफ्रेड युवर फाइल इज लॉस्ट’ यात खेद आहे, माफी नाही. फाइल आपण हरवली असेल तर ‘सॉरी’ म्हणायलाच हवं.

जास्त घाबरलात तर

‘व्हेरी व्हेरी अफ्रेड’ चूक नाही, पण भाषा थिटी वाटते. मराठीत आपण चरकतो, हबकतो, भेदरतो, टरकतो. आपली गाळण उडते, बोबडी वळते, पाचावर धारण बसते. इंग्रजीतही पायऱ्या आहेत. नुसती धाकधूक असेल तर ‘नर्व्हस’. भेदरलात तर ‘फ्राइटन्ड’. गाळण उडाली तर ‘टेरिफाइड’. हातपाय हलेनासे झाले तर ‘पेट्रिफाइड’. त्याचा मूळ अर्थच दगड झालेला, म्हणजे आपलं ‘थिजणं’. या दोघांना ‘व्हेरी’ लावू नका, त्यांच्यात ते आधीच भरलेलं आहे. फक्त ‘टेरिफाइड’च्या जागी ‘टेरिफिक’ जाऊ देऊ नका. तो शब्दही एकेकाळी भयंकर या अर्थाचाच होता, आता ‘झकास’ झालाय. आपण ‘भयंकर आवडलं’ म्हणतो, त्याच चालीवर.

एवढं सगळं करूनही एक दुखणं माझ्याकडे अजून उरलंय. ‘आय ॲम अफ्रेड सो’ म्हणजे ‘हो ना, दुर्दैवाने’, आणि ‘आय ॲम अफ्रेड नॉट’ म्हणजे ‘नाही ना हो’. परवा रिसेप्शनिस्टचा सराव घेत होतो. मी पेशंट झालो आणि विचारलं, ‘इज द डॉक्टर इन?’ डॉक्टर नव्हते. मुलीने क्षणभर आठवलं, ‘नॉट’ कुठेतरी घालायचाय एवढं तिच्या लक्षात होतं. मग माझ्याकडे बघून ठणठणीत आवाजात म्हणाली, ‘आय ॲम नॉट अफ्रेड!’ यावर तोडगा कोणाकडे असेल तर कळवा. मी सध्या तिला ‘सॉरी, ही इज नॉट इन’ म्हणायला सांगितलंय.